शिकवले की पळून जातात?

आफ्रिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना फार्मसीचे शिक्षण देण्यासाठी शिष्यवृत्त्या देणे म्हणजे पैशांचा चुराडा, असे मत हल्ली मोठ्या ठसक्यात मांडले जाते. एका व्यासंगी वक्त्याने अलीकडेच ते भर सभेत मांडले आणि टाळ्याही घेतल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शिष्यवृत्तीवर शिकलेला तरुण पहिली संधी मिळताच लंडनचे नाहीतर आखाताचे विमान पकडतो, म्हणजे गरिबांच्या नावाने दिलेला पैसा अखेर श्रीमंतांच्या इस्पितळांत जिरतो. दुसरे, तिथे औषधांचा तुटवडा आहे, गोळ्या मोजणाऱ्यांचा नाही. तेव्हा औषधे पाठवा आणि मोकळे व्हा. तिसरे, आता ड्रोन आले, मोबाइल आले, मग माणूस हवाच कशाला? आणि शेवटी हुकमाचा एक्का: आमच्या मेळघाटात, गडचिरोलीत औषध द्यायला माणूस मिळत नाही, मग ही परोपकाराची हौस कशासाठी? घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं!

चारही आक्षेप ऐकायला खणखणीत आहेत. पण पहिला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत पोकळ असल्यामुळे त्याचाच समाचार आधी घेतो.

‘मलावीचे डॉक्टर मलावीपेक्षा मँचेस्टरमध्येच जास्त’ हे वाक्य गेली कित्येक वर्षे परिषदांतून फिरत आहे. ते टाळीचे आहे, म्हणून टिकले आहे. मोजदाद कुणी केली आणि कधी केली, हे ते ऐकवणाऱ्यांना विचारून पाहावे. आणि घटकाभर ते खरे धरले, तरी असे का झाले, हा प्रश्न उरतोच. मलावीत 1991 पर्यंत डॉक्टर घडवणारे महाविद्यालयच नव्हते. मुलांना शिकायला परदेशी पाठवत. ऐन विशीतली वर्षे जिथे काढली, तिथे मित्र झाले, लग्ने झाली, नोकऱ्या लागल्या. त्यातले बरेच परतले नाहीत. 1991 साली ब्लँटायरला वैद्यकीय महाविद्यालय उघडले, ते हीच गळती थांबवण्यासाठी. नामिबियाची गोष्टही याच वळणाची. तिथल्या विद्यापीठात फार्मसीची पदवी सुरू झाली 2011 साली. तोवर फार्मसिस्ट व्हायचे तर देश सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. तेव्हा शिष्यवृत्तीमुळे माणूस जातो हे निदानच चुकीचे आहे. ती कुठे शिकण्यासाठी दिली, यावर सगळे अवलंबून असते. घरापासून हजारो कोस दूर नेऊन शिकवायचे आणि तो घरी परतला नाही म्हणून शिक्षणालाच दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

शिक्षण कुठल्या पातळीचे, हेही तितकेच महत्त्वाचे. मोझांबिक 1975 साली स्वतंत्र झाला आणि पोर्तुगीज डॉक्टर भराभर निघून गेले. 1984 पासून या देशाने डॉक्टर नसलेल्या अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. सिझेरियनसारख्या शस्त्रक्रिया ते करू लागले. पुढे संशोधकांनी मागोवा घेतला, तेव्हा नेमणुकीनंतर सात वर्षांनी या तंत्रज्ञांपैकी 88 टक्के जिल्हा रुग्णालयांतच काम करताना आढळले. त्याच काळात तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी जवळजवळ एकही उरला नव्हता. जिल्हा रुग्णालयांतल्या प्रसूतीच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे 92 टक्के हेच तंत्रज्ञ करत होते. त्यांचे प्रमाणपत्र लिस्बनमध्ये चालत नाही. जिथे गरज आहे तिथे मात्र ते पुरते चालते. मलावीतल्या फार्मसी सहायकांच्या अभ्यासक्रमामागे हाच विचार आहे. लिलाँग्वेच्या आरोग्यविज्ञान महाविद्यालयाने तो 2013 च्या सुमारास सुरू केला. दोन वर्षांचे प्रमाणपत्र, काही काळ वर्गात आणि काही काळ प्रत्यक्ष आरोग्य केंद्रात. या सहायकाला लंडनचा कुठला दवाखाना बोलावणार आहे?

शिवाय माणूस जातो तो का, हे विचारायचे की नाही? पगार पुरत नाही, राहायला घर नाही, चौघांचे काम एकट्याच्या गळ्यात. मलावी सरकारने 2004 च्या सुमारास आणीबाणीचा मनुष्यबळ कार्यक्रम हाती घेतला. अकरा संवर्गांतल्या कर्मचाऱ्यांना पगारावर 52 टक्के जादा भत्ता दिला आणि शिक्षणसंस्थांतल्या जागा वाढवल्या. 2004 मध्ये या संवर्गांत 5,453 कर्मचारी होते, 2009 मध्ये ते 8,369 झाले. पाच वर्षांत निम्म्याहून अधिक वाढ झाली, आणि ती भत्ता व शिक्षण दोन्ही एकदम दिल्यामुळे झाली. नुसता भत्ता दिला असता तर नवी माणसे आली असती कुठून? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

इथे एका जुन्या वादाची आठवण होते. आपल्याकडे खेड्यातल्या आरोग्यसेविकेच्या हाती चार औषधे द्यावीत की नाही, यावर वर्षानुवर्षे रणे माजली. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती औषध म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असे तेव्हा छातीठोकपणे सांगितले गेले. सांगणारे सगळे शहरात राहणारे होते, आणि त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर औषधाचे दुकान होते. आज त्याच पठडीतली मंडळी म्हणतात, पूर्ण शिकवाल तर पळून जातील. म्हणजे कमी शिकवले तर धोका आणि जास्त शिकवले तर पलायन. मग शिकवायचे तरी किती? या युक्तिवादातून एकच निष्कर्ष निघतो: शिकवूच नका. तो उघड बोलायची हिंमत नसते, म्हणून काळजीचा आव आणायचा.

आणि दोष द्यायचाच, तर तो बोलावणाऱ्यांना का नाही? 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशी भरतीसाठी आचारसंहिता मान्य केली. जिथून माणसे ओढून आणू नयेत अशा 55 देशांची यादी संघटनेने 2023 मध्ये जाहीर केली. त्यातले 37 देश तिच्या आफ्रिका विभागातले आहेत. तरी भरती चालूच आहे. श्रीमंत देशांनी स्वतःची माणसे घडवण्यात कुचराई करायची, दुसऱ्यांची उचलायची, आणि आपल्या विद्वानांनी मात्र दोषी ठरवायचे ते मलावीतल्या खेड्यातून आलेल्या मुलीला! ती शिकलीच नाही तर भरती थांबेल, हा भ्रम आहे. मागे उरलेल्यांवरचा भार तेवढा वाढेल, आणि मग तेही जातील.

आता दुसरा आक्षेप. औषधे पाठवा, माणसे नकोत.

मलावीतल्या खेड्यातल्या आरोग्य केंद्राची औषधाची खिडकी कशी चालते, ते बघावे. रोगी तपासायला एक मेडिकल असिस्टंट, बाळंतपणाला एक नर्स, आणि बाहेर सकाळपासून रांग. प्रशिक्षित माणूस नसेल तर खिडकीवर जो मोकळा असेल तो बसतो, कधी नर्स तर कधी झाडलोट करणारा मदतनीस. तापाने फणफणलेल्या मुलाला मलेरियाच्या गोळ्या द्यायच्या आहेत. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन: तीन दिवसांत सहा डोस, पहिल्यानंतर आठ तासांनी दुसरा, मात्रा वजनावर. 5 ते 14 किलोच्या मुलाला एका वेळी एक गोळी, 15 ते 24 किलोच्या मुलाला दोन. गोळी स्निग्ध अन्नाबरोबर घेतली तर नीट लागू पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या दिवशी ताप उतरला तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. ही शेवटची गोष्ट आईला समजावून सांगितली नाही, तर ती उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवते. मूल अर्धवट बरे होते आणि पुढच्या तापालाही गोळ्या अपुऱ्या पडतात. पेटी पाठवणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या कागदावर ‘औषध पोहोचले’ एवढीच नोंद असते.

खिडकीमागच्या भांडारातही तेच. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते. उन्हात राहिलेली कुपी दिसायला तशीच असते, पण तिची ताकद गेलेली असते. बाई वाहत राहते आणि औषध देऊनही गुण का येत नाही ते नर्सला कळत नाही. फ्रिजचे तापमान रोज दोनदा लिहायचे, ज्याची मुदत आधी संपते ते औषध पुढे मांडायचे, स्टॉक कार्डावरचा आकडा आणि फळीवरचा साठा जुळवायचा, महिनाअखेरीस मागणीपत्रक भरायचे. ही कामे कुणी शिकवल्याशिवाय येत नाहीत. एका औषधाचा खडखडाट आणि दुसऱ्याच्या मुदत संपलेल्या पेट्यांची थप्पी, हे दृश्य पैशांच्या तुटवड्याइतकेच हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या तुटवड्यानेही दिसते.

आणि नुसती औषधे पाठवण्याचा अर्थ काय होऊ शकतो, हे गाम्बियाने भोगले आहे. 2022 मध्ये तिथली लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. साठाहून अधिक मुले गेली. हरियाणात बनलेल्या चार सिरपांमध्ये डायएथिलीन ग्लायकोल आणि एथिलीन ग्लायकोल ही विषे असल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबरमध्ये दिला. आपल्या सरकारने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण त्या वेळी गाम्बियाकडे औषधे तपासणारी स्वतःची प्रयोगशाळा नव्हती, नमुने परदेशी पाठवावे लागले, यात काही वाद नाही. आपणही हे भोगले आहे. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात 1986 साली ग्लिसरीनमध्ये यातलेच डायएथिलीन ग्लायकोल निघाले आणि 14 रुग्ण दगावले. ज्या देशाला स्वतःची औषधे तपासता येत नाहीत, तो पाठवणाऱ्याच्या सचोटीवर जगतो. औषधे पाठवून मोकळे व्हा म्हणणाऱ्यांनी गाम्बियातल्या त्या आईबापांना हे एकदा सांगून पाहावे.

ड्रोनचा आक्षेप एका ओळीचा, उत्तरही एका ओळीचे: रवांडात 2016 पासून ड्रोनने रक्त पोहोचते, पण ते तपासून भरणारा आणि उतरवून घेणारा माणूस शिकलेलाच लागतो.

राहिला हुकमाचा एक्का. मेळघाटात माणूस मिळत नसेल, तर तो गाम्बियाच्या मुलीला शिष्यवृत्ती दिल्यामुळे नाही. आपल्याकडे फार्मसीची महाविद्यालये गल्लोगल्ली झाली आहेत आणि प्रमाणपत्र भाड्याने देऊन घरी बसणारेही कमी नाहीत. तो दोष आपल्या भरतीचा आणि आपल्या लबाडीचा आहे. आफ्रिका आपल्याला परकी नाही. मुंबईच्या सिप्लाने 2001 च्या फेब्रुवारीत एचआयव्हीवरची तीन औषधे मिळून वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा मोठ्या कंपन्यांचा भाव 10,000 डॉलरच्या वर होता. त्या एका घोषणेने भाव कोसळले. पण स्वस्त झालेले औषध आपोआप रुग्णाच्या हाती गेले नाही. मलावीने 2004 पासून ते फुकट द्यायला सुरुवात केली, आणि डॉक्टर मूठभर असल्यामुळे ही योजना पेलली ती क्लिनिकल ऑफिसर आणि नर्सेस यांनी. औषध आपण विकतो, त्यातून कमावतो. ते नीट वापरायला शिकवण्याची वेळ आली की घरचे दारिद्र्य आठवावे, हे शोभत नाही.

मग करायचे काय? शिष्यवृत्ती शक्यतो त्याच देशातल्या संस्थेत शिकण्यासाठी द्यावी आणि ज्या जिल्ह्यात माणूस हवा त्याच जिल्ह्यातली मुले निवडावीत. फीबरोबर राहण्या-जेवणाचा खर्चही द्यावा, कारण मुली गळतात त्या बहुधा तिथेच. प्रमाणपत्रावरून पदविका आणि पदविकेवरून पदवी अशी वाट मोकळी ठेवावी, म्हणजे पुढे जायचे तर देश सोडावा लागणार नाही. शिकून बाहेर पडायच्या आधी सरकारी पद मंजूर असावे. परदेशी शिकवायचे, तर ते तिथे अजून शिकवता येत नाही असे काही असावे: औषधांची तपासणी, कारखान्यांचे निरीक्षण, नियमन. आफ्रिकी देशांनी 2021 साली अंमलात आलेल्या करारान्वये स्वतःची औषध संस्था उभारली आहे, खंडाला लागणाऱ्या लसींपैकी 60 टक्के 2040 पर्यंत तिथेच बनवण्याचे ठरवले आहे. ही कामे परक्या तज्ज्ञांच्या भरवशावर चालणार नाहीत.

भारताने 2015 च्या दिल्ली परिषदेत आफ्रिकेसाठी पाच वर्षांत 50,000 शिष्यवृत्त्या जाहीर केल्या होत्या. आकडा मोठा आहे. त्यातला ठळक वाटा औषध तपासणाऱ्यांना आणि औषध देणाऱ्यांना मिळावा, असा आग्रह पुढच्या प्रत्येक परिषदेत धरला पाहिजे, आणि पुण्या-मुंबईच्या फार्मसी महाविद्यालयांनी त्यासाठी जागा आणि शिक्षक देऊ करावेत. जगातल्या एकूण आजारांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आफ्रिकेच्या वाट्याला आहे आणि जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्के तिच्याकडे आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली सांगितले. एवढी तफावत असताना शिकवू नका म्हणणाऱ्याने आधी सांगावे, मग ती खिडकी कोण चालवणार? त्याचे उत्तर मिळेपर्यंत शिकवत राहिले पाहिजे.