घरचा रोगी आणि घरचे ताट

क्षयरोग घरात शिरला की कुटुंबापुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात. रोगी बरा कसा होईल, हा पहिला. आणि घरातील इतरांना, विशेषतः मुलाबाळांना, तो जडणार तर नाही ना, हा दुसरा. पहिला प्रश्न मोठ्याने विचारला जातो, दुसरा बहुधा मनातल्या मनात. ह्या दोन्ही प्रश्नांचा शास्त्रीय शोध आपल्याच देशात, गोरगरिबांच्या वस्तीत जाऊन घेतला गेला आहे. पहिला शोध १९५६ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या एका केंद्राने घेतला, दुसरा २०१९ साली झारखंडात सुरू झाला. वरवर पाहता ह्या दोन संशोधनांचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. वस्तुतः ते तसे नाहीत. आणि का नाहीत, हे समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

क्षयावर गुणकारी औषध नव्हते त्या काळी विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार ह्या तिहींवरच सारी भिस्त असे. त्यासाठी भोवाली, मदनपल्ली, मिरज अशा ठिकाणी आरोग्यधामे उभी राहिली. परंतु अशा ठिकाणी महिनोन् महिने राहणे किती जणांना परवडणार? देशात रोगी लक्षावधी आणि खाटा मात्र काही हजार, अशी विषम स्थिती होती. १९५२ साली आयसोनियाझिड हे स्वस्त आणि प्रभावी औषध हाती आले, तेव्हा साहजिकच प्रश्न निघाला की, औषध जर गोळीच्या रूपाने पोटात घ्यावयाचे, तर त्यासाठी रोग्याला घरापासून तोडणे आवश्यक आहे काय?

ह्याचे उत्तर तर्काने न देता प्रयोगाने द्यावे, असे ठरले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद ह्यांच्या सहकार्याने मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. डॉ. वॉलेस फॉक्स हे त्या कार्याचे एक प्रमुख सूत्रधार होते. शहराच्या गरीब भागांतील १९३ रोगी निवडण्यात आले. कोणी घरी राहावयाचे आणि कोणी आरोग्यधामात जावयाचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर किंवा रोग्याच्या ऐपतीवर न सोपवता, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निःपक्षपाती रीतीने ठरविण्यात आले. औषधे दोघांनाही एकच, मुदतही एकच: एक वर्ष. आरोग्यधामातील रोग्यांना पुरेशी विश्रांती, शुश्रूषा आणि पौष्टिक जेवण मिळत असे. घरी राहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र दाटीवाटीची खोली, अपुरे अन्न आणि पोटापाण्याची विवंचना होती. त्यांना दर आठवड्यास दवाखान्यातून औषध मिळे. केंद्राचे कार्यकर्ते अवचित घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजीत. औषध खरोखर पोटात जात आहे की नाही, हे लघवीच्या तपासणीवरून पाहत.

१९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी वैद्यकीय जगाला विचार करावयास लावले. आरोग्यधामातील रोग्यांचे वजन अधिक वाढले होते हे खरे. पण रोग हटण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक अगदी थोडा होता. पुढे पाच वर्षे ह्या रोग्यांवर लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा रोग उलटण्याचे प्रमाणही घरी उपचार घेतलेल्यांत विशेष अधिक आढळले नाही. रोग्याचा उद्धार खाटेवर अवलंबून नसून नियमितपणे घेतलेल्या औषधावर अवलंबून आहे, हे सिद्ध झाले. १९६२ सालापासून राबविलेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने हाच घरगुती उपचाराचा मार्ग धरला.

ह्या संशोधनाचा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा होता, पण तो सामान्य माणसापर्यंत फारसा पोहोचला नाही. रोगी घरी राहिल्याने घरच्या माणसांत क्षयाचे प्रमाण वाढले का, हेही तपासण्यात आले होते. ते वाढले नव्हते. कारण उघड आहे. रोगाचे निदान होण्यापूर्वी रोगी कितीतरी आठवडे, कधी कधी महिने, खोकत असतो; घरच्या माणसांच्या श्वासावाटे जंतू शिरावयाचे ते बहुधा त्याच काळात शिरतात. योग्य औषध सुरू झाले की संसर्ग पसरविण्याची त्याची शक्ती झपाट्याने ओसरते. म्हणजे ज्या दिवशी आपण रोग्याचे ताट-वाटी वेगळी करतो, सुनेला माहेरी धाडतो किंवा म्हाताऱ्याचे अंथरूण पडवीत टाकतो, त्या दिवशी मुख्य धोका बराचसा होऊन गेलेला असतो. शिवाय क्षय हवेतून पसरतो, ताटवाटीतून नव्हे. अशा वेगळेपणाने रोग्याचे मन मात्र खचते, आणि मन खचलेला रोगी औषधही सोडतो.

मद्रासच्या ह्या यशातूनच एक गैरसमज रुजला. अपुरे अन्न खाणारे रोगीही औषधाने बरे झाले, ह्याचा अर्थ क्षयाशी अन्नाचा काही संबंधच नाही, असा लावण्यात येऊ लागला. संशोधकांनी विचारलेला प्रश्न एवढाच होता की, रोग जडलेला माणूस औषध घेऊन घरी बरा होतो काय? घरातील निरोगी माणूस कोणत्या कारणाने आजारी पडतो, हा त्यांचा प्रश्न नव्हता. जंतू शरीरात शिरलेल्या दहा माणसांपैकी सुमारे नऊ माणसे आयुष्यभर आजारी पडत नाहीत. मग दहावा कोण?

ह्या प्रश्नाचा एक भाग झारखंडातील चार जिल्ह्यांत तपासण्यात आला. डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव ह्यांच्या नेतृत्वाखालील ह्या संशोधनात मद्रासच्या त्या जुन्या केंद्रातून वाढलेली चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थाही सहभागी होती. २,८०० रोगी आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे, असा ह्या कामाचा व्याप होता. त्यांत आदिवासी कुटुंबांची संख्या मोठी होती. रोग्यांपैकी दर पाचांत चौघांहून अधिक जण निदानाच्या वेळीच कुपोषित होते. सर्व रोग्यांना औषधांबरोबर दरमहा दहा किलो शिधा देण्यात आला: तांदूळ, सातूचे पीठ, दूध पावडर आणि तेल. निम्म्या भागांत मात्र घरच्या इतर माणसांनाही सहा महिने शिधा मिळाला. प्रौढ माणसामागे दरमहा पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, लहान मुलांना त्याच्या निम्मे. शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. कोणत्या भागाला हा जादा शिधा द्यावयाचा, हे येथेही चिठ्ठीच्याच न्यायाने ठरले होते.

२०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत केवळ रोग्याला शिधा मिळाला, तेथील ४,७२४ माणसांपैकी १२२ जणांना क्षय झाला. जेथे सर्वांना मिळाला, तेथील ५,६२१ पैकी ९६ जणांना. कालावधीचा हिशेब धरता क्षयाचे नवे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले होते, आणि फुप्फुसाच्या, तपासणीत जंतू सापडलेल्या क्षयाचे सुमारे ४८ टक्क्यांनी. साधारण तीस कुटुंबांना शिधा दिला की एक माणूस आजारातून वाचतो, असा संशोधकांचा हिशेब आहे. रोग्यांच्या बाबतीतही एक गोष्ट दिसून आली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ६१ टक्क्यांनी कमी होते.

आता दोन्ही संशोधने शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. रोग हटवावयाचा तर औषध हवे. त्याची जागा तूप, अंडी किंवा डाळभात घेऊ शकत नाही. परंतु जंतू घरात शिरल्यावर कोणाला आजारी पाडील, हे बऱ्याच अंशी त्या घरच्या ताटावर ठरते. रोग्याला घरातून हलविल्याने घरचा धोका टळत नाही, असे मद्रासने दाखविले. पोटभर सकस अन्नाने तो पुष्कळसा टळतो, असे झारखंडाने दाखविले. आपल्या घरांतील रीत ह्या दृष्टीने पुन्हा एकदा पाहण्याजोगी आहे. एकाच माणसासाठी आलेला शिधा गरीब घरात एकट्याच्या ताटात कधीच राहत नाही, तो सगळ्यांत वाटला जातो. आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला उरलेसुरले येते. तीच रोग्याची शुश्रूषाही करीत असते.

शासकीय योजनांतही हा विचार हळूहळू उतरत आहे. २०१८ साली सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत रोग्याच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. निक्षय मित्र उपक्रमातून दात्यांकडून मिळणारा शिधा घरच्या माणसांनाही मिळावा, असा निर्णयही २०२४ साली झाला. ही मदत आपल्या गावातील घरांपर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणे ग्रामपंचायतीचे, महिला मंडळाचे आणि शेजाऱ्यांचेही काम आहे.

कुटुंबाने करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, बारीक ताप किंवा कारणावाचून वजनात घट असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधे तेथे विनामूल्य मिळतात. औषध ठरल्या मुदतीपर्यंत एक दिवसही न चुकविता घ्यावे. बरे वाटू लागले म्हणून थांबवू नये. एकाला क्षय निघाला तर घरातील सर्वांची तपासणी करवून घ्यावी आणि डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या सुचविल्यास त्या पूर्ण घ्याव्यात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, रोग्याने खोकताना तोंडावर रुमाल धरावा. महिन्यातून एकदा घरातील प्रत्येकाचे वजन करून ते कॅलेंडरवर तारखेपाशी लिहून ठेवावे. ज्याचे वजन घटत असेल त्याच्या ताटात डाळ, शेंगदाणे, दूध किंवा अंडे, परवडेल ते, अगोदर वाढावे. आणि वाढणारीचे स्वतःचे वजनही त्या कॅलेंडरवर असावे.