बॅटरीवर लक्ष ठेवायला कोणता बोर्ड घ्यावा?



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की हा प्रश्न हमखास येतो : "मॅडम, पोराला रास्पबेरी पाय घेऊन देऊ काय? घरचे लाइट-पंखे मोबाईलवर चालवायचे म्हणतो, इन्व्हर्टरची बॅटरीही त्यातच दिसेल म्हणतो." पोराची हौस चांगलीच आहे. पण माझं मत मी सरळ सांगते. बॅटरीवर लक्ष ठेवायचं असेल तर पाय घेऊ नका. ईएसपी३२ घ्या. आणि लाइट-पंखे नंतर, आधी बॅटरी.

आधी बॅटरी असं का म्हणते, ते सांगते. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर कितीतरी जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. टीव्ही आला, प्रोजेक्टर आला, आणि त्यांच्यासाठी इन्व्हर्टर आला. आपला सालेकसा तालुका जंगलाचा. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की लाइन गेली, मग सगळा भार बॅटरीवर. अशी बॅटरी एका दिवसात मरत नाही. पाणी आटतं, कोणी पाहत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी सुट्टीभर तशीच पडून राहते, प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि तिची क्षमता कमी होत जाते. ज्या दिवशी टीव्ही दहा मिनिटांत बंद पडतो, त्या दिवशी आपल्याला कळतं. मग पुन्हा वर्गणी मागायची कोणाकडे?

आता बोर्डाकडे येऊ. रास्पबेरी पाय हा खराखुरा संगणक आहे. २०१२ साली इंग्लंडमध्ये तो आला, मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून, आणि त्याची किंमत ३५ डॉलर होती. तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. २०२३ मधला पाय ५ मात्र ६० डॉलरपासून सुरू झाला. त्यावर चार्जर, मेमरी कार्ड, डबी असं सगळं धरलं की आपल्याकडे हिशेब काही हजारांत जातो. ईएसपी३२ हा संगणक नव्हे, मायक्रोकंट्रोलर आहे. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. करंट मिळाला की त्यात भरलेला एकच प्रोग्राम तो चालवत बसतो. वायफाय त्यातच असतं. किंमत साधारण चार-पाचशे रुपये.

पण स्वस्त आहे एवढंच कारण नाही. पायला व्होल्टेज थेट मोजताच येत नाही! त्याच्या पिनेला फक्त 'आहे' किंवा 'नाही' कळतं. १२.७ आणि १२.२ मधला फरक कळायला वेगळी चिप जोडावी लागते. ईएसपी३२ मध्ये ती सोय आतच आहे. (पायच्याच कंपनीचा पिको नावाचा छोटा बोर्ड आहे, त्यातही आहे. पिको डब्ल्यू मिळाला तर तोही चालेल.)

दुसरं कारण म्हणजे लाइन. पाय मेमरी कार्डावर लिनक्स चालवतो. कार्डावर काही लिहिलं जात असताना करंट गेला तर कार्ड बिघडू शकतं, मग पाय सुरूच होत नाही. लाइन जाते म्हणून तर आपण बॅटरीवर लक्ष ठेवणार, आणि लक्ष ठेवणाराच लाइन गेल्यावर आडवा झाला तर काय उपयोग? ईएसपी३२ करंट आला की पहिल्यापासून सुरू होतो, एवढंच.

तिसरं, खाणं. पाय ४ काही काम नसतानाही साधारण ३ वॅट घेतो, म्हणजे दिवसाला ७२ वॅट-तास. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीत सगळे मिळून ८४ वॅट-तास असतात. म्हणजे पहारेकऱ्यानंच एका दिवसात गोदाम खाल्लं! ईएसपी३२ अर्ध्या वॅटच्या आसपास भागवतो, आणि दर दहा मिनिटांनी जागा होऊन पुन्हा झोपायला सांगितलं तर त्याहून कितीतरी कमी.

आता खरी मजा. ईएसपी३२ च्या पिनेला ३.३ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरी १४.४ पर्यंत जाते. म्हणून ४७ किलोओहम आणि १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे आणि १० च्या दोन टोकांवरचं व्होल्टेज पिनेला द्यायचं. ५७ भागिले १०, म्हणजे बॅटरीचा आकडा ५.७ पट लहान होतो. १४.४ चे साधारण २.५३ झाले, पीन सुरक्षित. गुणोत्तर-प्रमाण शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. मुलांना पुढे विचारा : बॅटरी पूर्ण भरलेली असताना, आराम दिल्यावर १२.७ असते आणि अर्धी असताना साधारण १२.२. मग पिनेवर फरक किती? ०.०९ सुद्धा नाही. एवढ्याशा फरकासाठी एक वाचन पुरत नाही. वीस वाचनांची सरासरी काढावी लागते, आणि आकडा मल्टिमीटरशी ताडून घ्यावा लागतो. सरासरी कशासाठी असते ते पोरांना तिथं समजतं. एक बारकी गोष्ट : तार ३२ ते ३९ मधल्या पिनेलाच जोडा. ईएसपी३२ च्या बाकीच्या मोजणाऱ्या पिना वायफाय चालू असताना नीट वाचत नाहीत.

मात्र नुसता व्होल्टेजचा आकडा फसवतो. लाइन असते तोवर चार्जिंग चालू असतं, आकडा छानच दिसतो. म्हणून लाइन गेल्यावर, तोच टीव्ही लावून, एका तासात आकडा कितीने उतरला ते दर महिन्याला लिहा आणि आलेख काढा. उतार वाढत गेला की बॅटरी थकत चालली समजायचं. वर्गणी संपायच्या आधी कळतं ते असं.

करंटही मोजायचा म्हणून काही जण आयएनए२१९ नावाचं मॉड्यूल मागवतात. ते छोट्या सोलर दिव्याला ठीक आहे. बाजारात मिळतं ते साधारण ३ अँपिअरपर्यंतचं, आणि ६०० वॅटचा लोड १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअर ओढतो. इन्व्हर्टरच्या तारेत ते घालू नका. आणि बॅटरीच्या प्लस टोकाजवळच एक अँपिअरचा फ्यूज लावल्याशिवाय मुलांना तार जोडू देऊ नका. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण तारा एकमेकींना चिकटल्या तर लाल होऊन जळतात.

लाइट-पंख्यांना मी मागे ढकलते ते याच कारणानं. रिलेच्या पलीकडे २३० व्होल्ट असतात. ते काम मुलांचं नाही, वायरमनचं आहे. प्रदर्शनात थर्माकोलच्या घरात टाळी वाजवून दिवा लागतो, बक्षीसही मिळतं. पण "हा रेझिस्टर कशाला?" विचारलं की पोरगं बापाकडे पाहतं. विकतच्या किटचा हा प्रकार मला पटत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, हीच तिथली पद्धत. २००२ मध्ये तिथं फॅब लॅबही उभी राहिली, खेडेगावात! अटल टिंकरिंग लॅबला वीस लाखांचं अनुदान आहे, पण ती सहावी ते बारावीच्या निवडक शाळांना. आपल्या प्राथमिक शाळेला कोण देणार? आपल्याला पाचशेच्या बोर्डावरच पाबळचा रस्ता धरावा लागेल.

पाय कुठंच नको असंही नाही. घरातले आठ-दहा बोर्ड एका जागी आणायचे असतील तर होम असिस्टंट नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्यावर चालतं, इंटरनेट नसलं तरी. पण घरात जुना लॅपटॉप पडलेला असेल तर आधी तो वापरा. बॅटरी थोडीफार जिवंत असेल तर लाइन गेल्यावरही तो चालू राहतो. आणि तोही नसेल, तर ईएसपी३२ स्वतःचंच वायफाय सोडतो. दरेकसा भागात रेंज नसली तरी मोबाईल त्याला जोडून आकडा पाहता येतो.

विचारणाऱ्या पालकांना मी यादी देते ती अशी : ईएसपी३२, दोन रेझिस्टर, फ्यूज, १२ चे ५ व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर आणि एक मल्टिमीटर. पैसे एकदम जमत नसतील तर या महिन्यात फक्त मल्टिमीटर घ्या.