फ्यूजच्या जागी तार : घाट्याचा सौदा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर आपल्या हजारो घरांची रोजी चालते. पण या धंद्यात एक वाईट सवय घट्ट बसली आहे. फ्यूज उडाला की हाताला लागेल ती तांब्याची तार गुंडाळायची आणि माग चालू करायचे. आमच्या मते हा सौदा घाट्याचा आहे, आणि घाटा एकट्या कारखानदाराचा नाही.

हिशेब साधा आहे. दीडची वायर साधारण १५ अँपिअरचा भार सुखाने पेलते. तेवढ्याच जाडीची तार फ्यूजमध्ये घातली तर ती वितळायला १०० हून अधिक अँपिअर लागतात. तोवर वायरीचे आवरण तापून पेटू शकते. मागाखाली रुईची धूळ, शेजारी सुताचे कोन आणि कोऱ्या कापडाची ठाणे. आगीला आणखी काय हवे?

एचआरसी फ्यूजची गोष्ट वेगळी. चिनी मातीच्या नळीत मापात कापलेली चांदीची किंवा तांब्याची पट्टी असते व भोवती बारीक वाळू. पट्टी वितळताना उठणारी ठिणगी ही वाळू विझवते. ३२ अँपिअरचा सर्वसाधारण वापराचा असा फ्यूज ४० अँपिअर तासभर सोसतो, ५२ अँपिअर झाले तर तासाच्या आत तुटतो. मोठा शॉर्ट सर्किट झाला तर डोळ्याचे पाते लवण्याआधी. मोटार सुरू होताना पाच-सहा पट प्रवाह ओढते, पण तो क्षणाचा असल्याने योग्य मापाचा फ्यूज टिकतो. म्हणून फ्यूज वारंवार उडत असेल तर कारण शोधावे, मोठा फ्यूज घालू नये.

मात्र फ्यूज मुख्यतः वायरीचा राखणदार आहे. तीनपैकी एकच उडाला तर मोटार दोन फेजवर घोंघावत राहते, जादा प्रवाह ओढते आणि जळते. तिच्यासाठी योग्य मापावर लावलेला ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवाच.

दोष कामगाराला देणे सोपे आहे. पण त्याची मजुरी मीटरवर, रात्रपाळीला शेटजी घरी, जादा फ्यूज कुलपात. माग बंद म्हणजे त्याची कमाई बंद. मग तो तार लावणारच! प्रत्येक मापाचे तीन फ्यूज बोर्डाजवळ उघडे ठेवावेत, ते बदलण्याचे काम जाणत्या माणसावर सोपवावे, आणि बदलण्यापूर्वी मेन स्विच बंद करण्याची सक्ती असावी.

आम्हा व्यापाऱ्यांचेही यात काम आहे. मजुरीवर बीम देताना आपण कापडाचा पोत पाहतो, तसा फ्यूजबोर्डही पाहावा. तार दिसली तर बीम देऊ नये. आणि मजुरीचा दर पैशापैशाने खाली ओढताना त्या दरात फ्यूज बसतो की नाही, हेही विचारावे. सूत पुन्हा विकत मिळते, रात्रपाळीचा माणूस मिळत नाही.