अवघड मॉड्यूल मॅनेजरने स्वतःकडे ठेवू नये

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांत अप्रेझलनंतर टीममधल्या सर्वांत हुशार इंजिनीअरला मॅनेजर करतात आणि त्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘कोडिंग सोडू नकोस. सोडलंस की टीम तुला मोजणार नाही.’ सल्ला प्रेमाने दिलेला असतो. तरी तो चुकीचा आहे, आणि त्याचा भुर्दंड नव्या मॅनेजरपेक्षा त्याच्या टीमलाच अधिक बसतो.

त्यामागचा युक्तिवाद आधी नीट मांडतो. ज्याला कोड कळत नाही तो क्लायंटला अशक्य तारखा कबूल करतो, आठवड्याच्या कामाला दोन दिवस देतो. हे खरे आहे. असे मॅनेजर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण यातून सिद्ध होते ते इतकेच, की मॅनेजरला कोड कळला पाहिजे. सर्वांत अवघड मॉड्यूल त्यानेच लिहावे, हे यातून कुठे निघते? कोड वाचता येतो, डिझाइनच्या चर्चेत बसता येते, प्रॉडक्शनमधल्या बिघाडाचे मूळ टीमसोबत शोधता येते. लिहायची हौसच असेल तर ज्याच्यावाचून रिलीज अडणार नाही असे एखादे टूल लिहावे.

अवघड काम त्याने स्वतःकडे ठेवले की काय होते? दिवस मीटिंगांत जातो, संध्याकाळ अमेरिकेतल्या क्लायंटच्या कॉलवर. मॉड्यूल रात्री अकरानंतर पुढे सरकते आणि बाकीचे त्याची वाट पाहत बसतात. शिवाय ज्याच्या हाती आपले अप्रेझल आहे, त्याच्या पुल रिक्वेस्टवर ‘हे चुकलंय’ अशी कॉमेंट कोण टाकणार? आणि त्या मॉड्यूलशी झटापट करून जी मुलगी पुढच्या वर्षी लीड झाली असती, ती किरकोळ बग मिटवत राहते. मला सर्वांत मोठे नुकसान हेच वाटते.

गूगलने 2002च्या सुमारास इंजिनीअरिंग मॅनेजर हे पदच काढून पाहिले. प्रयोग काही महिन्यांत आटोपला, कारण खर्चाच्या मंजुरीपासून आपसातल्या कुरबुरींपर्यंत सगळे थेट लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागले. पुढे तिथल्याच ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ने चांगल्या मॅनेजरचे आठ गुण काढले. पहिला, चांगला कोच असणे. तांत्रिक कौशल्य आठवे. यावर कोणी म्हणेल, गूगलमध्ये सगळेच तंत्रात पक्के असतात. मान्य. पण आपल्याकडेही मॅनेजर होतो तो टीममधला पक्काच. त्याची उणीव कोडमध्ये नाही.

मग त्याने करायचे काय? इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी 1983च्या ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’मध्ये मॅनेजरचे उत्पादन त्याच्या टीमच्या उत्पादनावर मोजले आणि वन-ऑन-वन ही हाताखालच्या माणसाची मीटिंग मानली, विषय त्याने ठरवायचे. आपल्याकडे तिचे स्टेटस मीटिंगमध्ये रूपांतर होते. ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ ‘हो, होऊन जाईल.’ हा ‘हो’ फार घातक असतो. वरच्याला नाही म्हणायची सवय आपल्याला घरातही नसते आणि शाळेतही नसते. कालपर्यंत टपरीवर सोबत चहा घेणारा मित्रसुद्धा आता हेच उत्तर देतो. म्हणून नव्या मॅनेजरने प्रश्न बदलावा: ‘कुठे अडलंय? कोणाची वाट पाहतोयस?’ आणि खरे उत्तर आल्यावर कपाळाला आठी पडू देऊ नये. एकदा पडली की पुढचे सहा महिने पुन्हा ‘होऊन जाईल’च ऐकू येते. उशीर मंगळवारी कळला तर काम कमी करता येते, क्लायंटशी बोलता येते. तो शेवटच्या दिवशी कळला की माणसे वाढवायचा मोह होतो, आणि उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रूक्स यांनी 1975मध्येच बजावले आहे.

तरीही नवा मॅनेजर कोडला चिकटून राहतो, त्यामागे एक रास्त भीती आहे: हात गंजले तर पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत काय सांगू? बऱ्याच कंपन्यांत पगार वाढवायचा तर मॅनेजर होण्यावाचून वाट नसते, त्यामुळे ज्यांचे मन कोडमध्येच आहे तेही या खुर्चीत येऊन बसतात. ही भीती कंपन्यांनीच घालवली पाहिजे. बढतीच्या पत्रात एक ओळ असावी: वर्षभरात परत इंजिनीअर व्हावेसे वाटले, तर त्याच पगारावर होता येईल.