घरच्या पाण्याची बाटली

पाण्याचा कठीणपणा काढायच्या प्रॅक्टिकलला सगळ्या वर्गाला एकाच कॅनमधलं पाणी दिलं, की पहिल्या टेबलावरचं रीडिंग शेवटच्या टेबलापर्यंत आपोआप पोचतं :) मग रंगाकडे कोण बघतंय!

मला वाटतं, प्रत्येकाने घरून बाटली आणावी. कुणाचं बोअरचं, कुणाचं टँकरचं, कुणाचं नळाचं. खर्च काहीच वाढत नाही. ५० मिली पाणी, थोडं बफर, किंचित एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि लालसर रंग पुरता निळा होईपर्यंत थेंब थेंब ईडीटीए. ०.०१ मोलरचं १० मिली लागलं, तर कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने लिटरला २०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा हीच. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

दारावर आलेला फिल्टरवाला टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि घरचे घाबरतात. ते मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं. त्यात साधं मीठही आलं, कॅल्शियमही आलं. कठीणपणा त्यातून वेगळा कळत नाही. हे घरातल्या पोराने स्वतः मोजून सांगितलं, तर आई-बाबा पैसे मोजण्याआधी चार प्रश्न तरी विचारतील.

आणि तिसरं रीडिंगही पोरं मनापासून घेतील. शेजारच्या टेबलावर आपल्या घरचं उत्तर नसतं ना!