जीन्सवरील ड्रॅगन

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी उपासनेस जी निळी जीन्स घालून आला, तिच्या उजव्या पायावर मांडीपासून घोट्यापर्यंत एक हिरवा ड्रॅगन वेटोळीं घालून बसलेला होता. तो त्यानें स्वतःच्या हातानें रंगविला होता. मंडळींत कुजबुज झाली. दोघां पालकांनीं आम्हांस बाजूला घेऊन विचारलें. आणि आम्हींहि फारसा विचार न करितां दुसऱ्या दिवशीं त्या मुलास चार शब्द सुनावले. आठवड्यानें त्याच्या आईकडून कळलें कीं, त्यानें सबंध चित्रावर काळा रंग फांसला. तेव्हांपासून हा विषय आमच्या मनांत घोळत आहे, आणि आमचें चुकलें असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

जीन्स हा मुळांत मजुराचा पोशाख. खिशांचे कोपरे उसवूं नयेत म्हणून तेथें तांब्याचे रिव्हेट बसविण्याचें पेटंट लेव्ही स्ट्रॉस व जेकब डेव्हिस यांनीं अमेरिकेंत २० मे १८७३ रोजीं घेतलें. (अशाच एका जाड्याभरड्या कापडास इंग्रजींत जें 'डंगरी' हें नांव आहे, तें आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून पडलें, हें किती पालकांस ठाऊक असेल?) कपड्यांवर चित्रें काढण्याची विद्यार्थ्यांची हौसहि जुनीच. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत १९०४ पासून शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पिवळ्या कॉर्डुरॉयच्या विजारी घालूं लागले. पुढें इंडियाना संस्थानांतील हायस्कुलांच्या मुलामुलींनीं तसल्या विजारी व स्कर्ट आपल्या हातानें चितारले. १९७३ सालीं तर लेव्ही स्ट्रॉस कंपनीनेंच सजविलेल्या डेनिम कपड्यांची स्पर्धा लावली. ड्रॅगन, जादूगार, खड्गधारी वीर हीं अद्भुत चित्रें मात्र बव्हंशीं पुस्तकांच्या वेष्टनांवरून आलीं. फ्रँक फ्रॅझेटा यानें १९६६ पासून कोनान-कथांसाठीं काढलेलीं वेष्टनें त्यांत प्रसिद्ध आहेत.

हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. आम्हीं त्या मुलास मागाहून विचारलें, तेव्हां थक्क झालों. नवें कापड आधीं धुवून त्याची खळ काढावी लागते. निळें कापड वरचा रंग गिळतें, म्हणून प्रथम पांढऱ्या रंगाचा हात द्यावा लागतो. ॲक्रिलिक रंगांत कापडासाठीं मिळणारें द्रावण मिसळून पातळ थर एकावर एक चढवावयाचे. जाड थर धुण्यांत तडकतो. वाळल्यावर उलट्या बाजूनें इस्त्री. ड्रॅगनचें डोकें त्यानें मांडीवर घेतलें, गुडघ्यावर नाहीं. कारण बसतांना गुडघ्यावरचा चेहरा मोडतो! भूमितीच्या तासास एवढा विचार करणारा विद्यार्थी आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

ड्रॅगन म्हणजे प्रकटीकरणांतील सैतान, असा एका पालकांचा आक्षेप होता. तो हंसण्यासारखा नाहीं. परंतु सी. एस. लुईस या ख्रिस्ती ग्रंथकाराच्या १९५२ सालच्या नार्निया-कथेंत एक लोभी मुलगाच ड्रॅगन होतो आणि पुढें पालटून पुन्हां माणूस होतो. चित्र कशाचें, याहून तें कशासाठीं, हें पाहावें. शिवाय अहरोनाच्या सबंध निळ्या झग्याच्या घेरास डाळिंबें लावण्याची आज्ञा निर्गमांत आहे, हें आम्ही रविवारच्या शाळेंत शिकवितोंच ना?

अभ्यासाचा वेळ जातो, हा दुसरा आक्षेप. जातो खरा. पण मुद्दाम फाडलेली जीन्स बाजारांतून चढ्या दामानें आणतांना आपल्याच घरांत कोणी हरकत घेत नाहीं. विकत घेतलेलें भोंक चालतें व हातानें काढलेलें चित्र चालत नाहीं, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

आमची तक्रार निराळी आहे. तो ड्रॅगन एका पुस्तकाच्या वेष्टनावरून जसाच्या तसा उतरविलेला होता. अक्षरें गिरवूनच हात बसतो, हें आम्हांस मान्य आहे. पण तेंच चित्र उद्यां सोबत्यांच्या जीन्सवर काढून पैसे घेतले, तर ती मूळ चित्रकाराची चोरी होईल. त्यानें आपला स्वतःचा ड्रॅगन काढावा, मग तो परसांतील सरड्यावरून कां होईना. उपासनेस साधा पोशाख असावा, हें मतहि आम्ही सोडलेलें नाहीं. तें सांगण्याची रीत मात्र चुकली, हें आम्हीं वर्गासमोर कबूल केलें आहे.

इस्त्रीनें पक्का झालेला रंग निघत नाहीं, तेव्हां त्या काळ्या थराला आतां इलाज नाहीं. येत्या स्नेहसंमेलनाच्या हस्तकला-प्रदर्शनासाठीं नवी जीन्स रंगवावी, असें आम्हीं त्यास सुचविलें. "पाहतों, सर," एवढेंच तो म्हणाला.