पळसाचीं तीन पानें

पळसाला पानें तीनच, ही म्हण आपल्या घरांतील लहानथोरांस मुखोद्गत असते. वऱ्हाडांत पळसही कांहीं दुर्मिळ नाहीं. तथापि मुलांस तीं पानें कागदावर काढावयास सांगावें, तर बहुधा तीं तिन्ही एकसारखीं उतरतात. वस्तुतः मधलें पान मोठें व दोहों बाजूंस समान असतें. कडेचीं दोन मात्र शिरेच्या एका अंगास अधिक रुंद असतात. म्हण पानें मोजते; चित्रकार तीं पाहतो.

पुण्याचे गंगाराम तांबट हे असे पाहणारे होते. रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यासाठीं ते चित्रें काढीत. १७९० च्या नोव्हेंबरांत त्यांनीं पेशव्यांच्या प्राणिसंग्रहांतील गेंडा रेखाटला. पुढें १८१८ त पेशवाई लयास गेली, तो संग्रहही राहिला नाहीं. गेंड्याचें तें चित्र मात्र अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहीं सुरक्षित आहे.

आमच्या मूर्तिजापुराहून जवळच कारंजा-सोहोळ येथें काळविटांचें अभयारण्य आहे. असें असतां मुलांच्या चित्रवहींत सफरचंद व गुलाबच कां असावे? काळविटाच्या शिंगांचा पीळ त्यांत कां नसावा? पालकांनीं प्रत्येक मुलास एक कोरी वही द्यावी. छापील चित्राची नक्कल नको. प्रत्यक्ष पाहिलेलें झाड वा पाखरूं काढावें आणि खालीं गांव व तिथी लिहावी. रेषा वांकडी आली तरी चालेल. उद्यां तें झाड तेथें असेल वा नसेल. त्याची खरी साक्ष घरांत राहील.